गट क्रमांक दोन

सकाळी सातला पिंजऱ्यांवरची कापडं मी काढते.
चोवीस उंदीर, चार गट,
शेपट्यांवर माझ्याच हातच्या जांभळ्या रेघा.
पहिल्याला नुसतं पाणी.
दुसऱ्याला शिसं.
तिसऱ्याला शिसं, आणि तासाभराने एवुरोचा अर्क.
चौथ्याला नुसता अर्क. ते मिश्या झाडत राहतात,
कडूच आहे तो, कुणालाही.

पाला आईकडूनच येतो.
बोडिजा बाजारात, मिरचीवाल्या बायकांच्या मागे
ती जुड्या बांधत बसते.
गिऱ्हाइकासाठी पानं चोळून चोळून धुते
हिरवा फेस वाहून जाईस्तोवर.
डॉक्टर अयांटुगा म्हणाले, आमची धुऊ नका,
आम्हाला तो फेसच हवाय.
आई केवढी हसली :
जन्मभर मी जे गटारात सोडलं
ते तुम्ही बाटलीत भरता!

उंदीर धरायची एक रीत असते.
मानेमागची कातडी चिमटीत, पोट वर,
सुईच्या टोकाला बोथट मणी,
जिभेवरून सरळ खाली.
त्याचा जीव माझ्या करंगळीवर टकटकतो.
शिसं द्यायचं काम माझं.
कागदावर माझं नाव नसतं,
‘देण्यात आले’
एवढंच असतं.

पंधराव्या दिवशी गट दोनमधल्या सहाव्याने खाणं टाकलं.
केस उभे, पाठीला पोक.
माझ्या खिशात एक पान होतं, आईच्या जुडीतलं.
ते मी जाळीपर्यंत नेलं.
जाळीपर्यंतच.

घरी अकांडे येतो, माझ्या पाठचा,
दिवसभर जुन्या बॅटऱ्या फोडून, वितळवून.
त्याचे कपडे मी वेगळ्या बादलीत भिजवते,
पाणी राखेच्या रंगाचं होतं.
पोटात पीळ पडतो म्हणतो.
कप उचलताना मनगट लटकतं,
मग दुसऱ्या हाताने पहिला हात उचलतो, आणि आमच्याकडे बघतो
कुणी पाहिलं का म्हणून.
त्याच्यावर जांभळी रेघ नाही.
कुठल्याच वहीत त्याचं वजन नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी
काळजं ओळीने बशीत ठेवली.
पहिल्या गटाचं खाटकाकडल्या ताज्या काळजासारखं, तपकिरी, चकचकीत.
दुसऱ्याचं फिकट, पुरळ उठल्यासारखं.
तिसऱ्याचं लेबल मी दोनदा वाचलं :
जवळजवळ पहिल्यासारखं.
डॉक्टरांनी शीळ घातली. मग माझ्याकडे बघून, हळूच :
अबेके, हे उंदरांचं आहे. माणसाचं अजून काही ठाऊक नाही.
भावाचं रक्त तपासून आण.
आणि आधी ती भट्टी सोडायला सांग त्याला.

सांगितलं. भाडं कोण देणार, म्हणाला.

तरी त्या रात्री पानं कुटलीच, न धुता, फेसासकट.
एका दमात प्याला तो,
तोंड आवळून बराच वेळ गप्प.
मग विचारलं,
“तुझ्या उंदरांना पाला मिळाल्यावर
शिसं बंद झालं का गं?”
नाही. रोज सकाळी, ठरल्या वेळी.
“मग देतं कोण त्यांना?”

आमच्यात म्हणतात, काळीज पित्तावर ठेव,
म्हणजे दम धर.
आईही तेच म्हणाली, जुडीला दोरा गुंडाळत, माझ्याकडे न बघता.
पण काळीज केवढं, पित्ताची पिशवी केवढी.
मी उघडून पाहिलीय दोन्ही.

सोमवारी नवे चोवीस आले, कोऱ्या शेपट्यांचे.
त्याआधी, रविवारी रात्री,
वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं :
अकांडे. वय सव्वीस. वजन चोपन्न किलो.
शिसे देण्यात आले
इथवर लिहून थांबले, खोडलं,
आणि भट्टीमालकाचं नाव लिहायला घेतलं,
पूर्ण नाव.
आडनावाचं स्पेलिंग येईना.
अकांडेला झोपेतून उठवून विचारलं.